ह्यांचं नाक आणि गच्चीतल्या बरण्या

आमच्या ह्यांनी उभा संसार थुंकून केला. हसू नका, कामच तसलं होतं. चहाच्या पेढीवर चव बघायची नोकरी. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने पांढरे पेले आणि प्रत्येक पेल्यात निराळ्या मळ्याचा चहा. हे चमच्याने सुर्रकन घोट ओढायचे, तोंडात घोळवायचे, शेजारच्या पिंपात थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे. तेवढ्या शब्दावर खोकीच्या खोकी इकडची तिकडे व्हायची. लोकांची पोरं घामावर वाढतात, आमची थुंकीवर वाढली, असं मी चारचौघांत म्हणायचे. हे चिडायचे नाहीत.

"थुंकीवर नाही गं, नाकावर. जीभ नुसती हमाल. खरं काम नाक करतं. ज्या दिवशी माझं नाक जाईल, त्या दिवशी मी गेलो समज."

नोकरी संपल्यावर पुरुष बायकोच्या पायात पायात येतात. हे गच्चीवर गेले. तिथे गुलाब लावले, पुदिना लावला, एक लिंबू कुंडीतच वाढवलं. आणि मग बरण्या आल्या. कोबी, गाजर, मुळा, बीट, जे मिळेल ते चिरायचं, मिठाच्या पाण्यात दाबून ठेवायचं आणि आंबू द्यायचं. रोज सकाळी झाकणं सैल करून आतली हवा सोडायची, वास घ्यायचा, पुन्हा झाकायचं. एका रुंद बरणीत गोड चहा आंबायला ठेवलेला असे. त्यावर ओल्या चामड्यासारखं काहीतरी तरंगायचं. ती म्हणे चहाची आई. मी म्हटलं, आई असती तर एवढी गप्प बसली असती का?

निरोपाच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळतं. हे गोदामात जन्मलेलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले. दिसेल तिथे नाक खुपसायचं, म्हणून त्याचं नाव मुकादम. त्याने माझ्या चपला खाल्ल्या, उशा फाडल्या. मी त्याला हात लावत नव्हते आणि त्याने मला लावलेलाही खपवून घेत नव्हते.

हे चमच्यात कोबी घेऊन खाली यायचे. "बघ, कसं झालंय?"

"खाण्यासारखं आहे."

माझ्या तोंडून त्याहून मोठं सर्टिफिकेट कुणाला मिळालेलं नाही. पोरांना नाही, सुनेला नाही. चांगलं असलं की ताटातून संपतंच, तोंडाने कशाला बोलायचं? हे खूश होऊन वर जायचे.

मग काही वर्षांनी, मुकादमाचं तोंड पांढरं होऊ लागलं तेव्हा, ह्यांना तापाचं दुखणं आलं. ताप उतरला, खोकला गेला, हे हिंडायला-फिरायला लागले. एका दुपारी मी शेजारी जाऊन आले, तर घरभर करपट वास. दूध पातेल्यात काळं ठिक्कर पडलेलं आणि हे तिथेच, गॅसपासून हातभर अंतरावर, खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"आलीस? चहा टाक," म्हणाले.

मी गॅस बंद केला, पातेलं पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाशी सडलेला बटाटा सापडला, तो घेऊन ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. मीच पदर नाकाला लावला होता. ज्या माणसाला बंद खोक्यातल्या चहाची ओल दारातून कळायची, त्याने शांतपणे पेपरचं पान उलटलं.

"मागे काय उभी आहेस?"

"टक्कल केवढं वाढलंय ते बघतेय."

स्वयंपाकघरात येऊन बटाटा कचऱ्यात टाकला. नाक गेलं होतं. हे काही बोलले नव्हते, म्हणजे बोलायचं नव्हतं. ह्यांनी झाकलंय तर मी कशाला उघडू?

कोडं एकच होतं. बरण्या अजूनही बरोबर उतरत होत्या. बिघडलेली बरणी हे आधीच मातीत ओतून टाकायचे. नाक नाही तर कळतं कसं? एकदा कपडे वाळत घालायला गेले आणि पाहिलं. हे पाटावर बसलेले, समोर मुकादम. हे झाकण उघडून बरणी त्याच्या तोंडाशी धरायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. मुकादमाने शेपूट हलवली की बरणी फळीवर. तोंड फिरवलं की बरणी गुलाबाच्या मुळाशी. पेढीवर ह्यांच्या तोंडाकडे माणसं अशीच टक लावून बघत उभी असायची.

मी ओले कपडे तसेच घेऊन खाली उतरले. त्या दिवसापासून मुकादमाचं खाणं मी करायला लागले. तिखट नाही, तेलकट नाही, शिळं नाही. नाक शाबूत राहायला हवं.

"आई, तुम्ही आणि कुत्र्यासाठी भात शिजवताय?" सून म्हणाली.

"का? तुझ्यासाठी शिजवते तेव्हा विचारलं नाहीस ते."

असं बरेच दिवस चाललं. हे सकाळी बरण्या बघायचे, संध्याकाळी मुकादमाला फिरवून आणायचे, आल्यागेल्याला आंबवलेलं वाटायचे. लोक म्हणायचे, नाक असावं तर ह्यांच्यासारखं. मी भांडी घासत राहायचे. मुकादमाच्या डोळ्यांवर पांढुरका सारा आला, जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायला लागला. पण कुत्र्याचं नाकही म्हातारं होतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सुनेचे आईवडील जेवायला येणार होते. विहीणबाईंचं आणि माझं पहिल्यापासून वरवर गोड. त्यांच्या घरी बागेला माळी आहे, हे त्या दर भेटीत एकदा सांगतात. ह्यांनी ठरवलं, कोबीची मोठी बरणी काढायची. सकाळी हे वर जाऊन मुकादमाला दाखवून आले. मी जिन्यातून बघत होते. शेपूट जोरजोरात हलत होती. मला हायसं वाटलं.

सगळे जेवायला बसले. "विहीणबाई, हे तुम्हाला बाजारात मिळायचं नाही," असं म्हणत ह्यांनी झाकण फिरवलं.

मेलेल्या उंदरावर ओला टॉवेल टाकून ठेवावा, तसा वास आला. विहीणबाईंचा रुमाल नाकाला गेला. व्याही एकदम पंख्याकडे बघायला लागले. टेबलाखाली मुकादम ह्यांच्याकडे मान वर करून शेपूट आपटत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वास मुकादमालाही येत नव्हता. हे आशेने त्याच्या तोंडाकडे बघायचे, म्हणून तो शेपूट हलवायचा. धनी खूश तर तो खूश.

ह्यांनी डाव भरला. "आधी कोण घेतंय?"

मी ताट पुढे केलं. "मला वाढा."

मोठा घास घेतला. चावला, गिळला. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. थोरल्या मुलाकडे डोळे वटारले आणि मोठ्याने म्हटलं, "छान झालंय. फारच छान."

थोरल्याला माझे डोळे कधी कळलेत? "आई, थुंक ते! बाबा, अहो केवढी घाण सुटलीय! तुम्हाला वास येत नाही का?"

"जेव गुमान," मी म्हटलं.

"अगं पण—"

"जेव म्हटलं ना!"

"चालायचंच," विहीणबाई रुमालाआडून म्हणाल्या. "आमचा माळी पण असलंच काहीतरी खत करतो."

एरवी त्यांना मी उभ्या जागी सोललं असतं. पण हे थोरल्याकडे बघत नव्हते, विहीणबाईंकडेही नाही. हातात डाव तसाच धरून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी झाकण लावलं, बरणी उचलली आणि जिना चढून गेले. मागोमाग मुकादम, एकेक पायरी थांबत.

थोरल्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तापाने नाकातली नसच मेली आहे, आता परत यायची नाही. हे "बरं" म्हणाले, डॉक्टरांचे आभार मानले. घरी आल्यावर वर जाऊन एकेक बरणी रिकामी केली, घासली आणि कठड्यावर उपडी ठेवली. चहाची आईसुद्धा मातीत गेली. सकाळचा चहा उभ्या जन्मात मला करू दिला नव्हता, तो मी करायला लागले. पुढ्यात ठेवला की हे गरम पाणी प्यावं तसा पिऊन टाकायचे. सुर्रकन आवाज नाही, काही नाही.

गच्चीवर हे आता एकटेच जायचे, पाणी घालायला. मुकादम खाली पहिल्या पायरीशी बसून राहायचा. मला ते बघवेना.

"मुक्या जिवावर राग काढताय?"

"राग नाही गं. वर नेलं की तो माझ्याकडे बघून शेपूट हलवतो." मग म्हणाले, "थोरल्याला काहीतरी थाप मारली असती मी. सर्दी झालीय म्हटलं असतं. व्याही-विहिणीला पटलंही असतं."

"मग मारायची होती."

"तू छान म्हणालीस ना. तिथेच मी ओळखलं, तुला सगळं ठाऊक आहे."

मी मुकादमाचं भांडं उचललं आणि आत गेले.

नंतर एकदा टाकीमागची पानं झाडताना एक बरणी हाताला लागली. दुखण्याच्या आधी सावलीला ठेवलेली, विसरून गेलेली. आत मुळा आणि गाजर. झाकण जरा सैल केलं तर फुस्स झालं. मी नाक जवळ नेलं आणि तशीच राहिले. आंबट, गार, स्वच्छ वास. ओल्या दगडावर लिंबू चिरावं तसा. एक फोड तोंडात टाकली, ती कुरकुरीत तुटली. ह्यांच्या हातचं इतकं सुंदर काही मी तोवर खाल्लं नव्हतं.

हे गुलाबाजवळ पाटावर बसले होते. मी बरणी पुढ्यात ठेवली.

"टाकीमागे होती. खाऊन बघितलं मी."

ह्यांनी बरणी उजेडात धरून पाणी पाहिलं. "मग?"

फारच छान म्हणायची तर सोयच राहिली नव्हती. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "खाण्यासारखं आहे."

ह्यांनी मान वर केली. पेढीच्या टेबलावर पेल्याकडे बघत असतील तसे माझ्याकडे बघत राहिले. मी इकडे तिकडे पाहिलं नाही.

"हे मला खरं वाटावं म्हणून म्हणतेस," म्हणाले.

"अहो, खरंच म्हणतेय!"

"तेव्हा छान म्हणालीस, तेही असंच खरं वाटावं म्हणून."

"मग विष आहे! खा आणि आडवे व्हा! झालं समाधान?"

हे जरासं हसले. दोन बोटांनी एक फोड काढली, हळूहळू चावली, डोळे मिटून. ह्यांच्या गळ्याची घाटी खाली गेली, वर आली.

"खारट," म्हणाले. "आणि आंबट. बास."

"वास चांगला आहे हो. लिंबासारखा. ओल्या दगडासारखा." तोंडाला येतील तसले शब्द मी लावत होते. ह्यांच्याकडे एकेका वासाला दहा नावं होती, मी त्यातलं एकही कधी कानावर घेतलं नव्हतं.

"असेल," हे म्हणाले. फार मऊ आवाजात म्हणाले, आजाऱ्याची समजूत काढावी तसे. मग बरणी तिरपी केली. पाणी गुलाबाच्या कुंडीत गेलं, मागोमाग मुळा, गाजर. शेवटची फोड काचेला चिकटली होती, ती बोटाने सोडवली.

मी हात धरला नाही. धरून काय सांगणार होते?

हे नळाशी जाऊन बरणी धुवायला बसले. गच्चीभर तो वास सुटला होता, चांगला, कोवळा, आणि तिथे तो येत होता तो मला एकटीलाच.