एकाच बादलीतल्या वीस कवळ्या

मित्रांनो, त्या सकाळी हिरव्या बादलीत मोजून बावीस वस्तू होत्या: अकरा वरच्या कवळ्या, नऊ खालच्या, एक केसांची पिन आणि पावाचा फुगलेला तुकडा. माणसं बारा, कवळ्या वीस आणि बादली एकच. पाण्यावर पांढरट साय धरली होती. मला नाक नाही, पण माझं प्लास्टिक वास शोषून घेतं. म्हणून ती बादली मी अजून विसरलेली नाही.

मी त्यांतलीच एक जुनी, वरची कवळी आहे. माझा जन्म एका लहानशा खोलीत झाला. आधी माझ्या मालकिणीच्या हिरड्यांचा ठसा घेतला, त्यावरून साचा केला, आणि मग कारागिराने मला कानशीने घासत घासत तिच्या टाळूला चपखल बसवलं. एकवेळ एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात जाईल, पण कवळीचं तसं नसतं.

माझी मालकीण टेलिफोन केंद्रात काम करून निवृत्त झालेली. कुणी दार वाजवलं तरी त्या “हॅलो” म्हणत, म्हणून सगळे त्यांना हॅलो आजी म्हणू लागले. त्या रोज रात्री मला ब्रशने घासत, झाकणाच्या डबीत ठेवत आणि म्हणत, “झोपा आता बाईसाहेब, दिवसभर फार चावलंत.”

पुढे आम्ही वृद्धनिवासात आलो. दाराशी फुलदाणी, भिंतीवर आरसा, फरशी अशी की तोंड दिसावं. माझी डबी मात्र पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेली. तिथल्या मोठ्या बाईंचा नियम होता, “सगळ्या एकदम भिजवा, एकदम वाटा. बारा डब्या कोण धुणार?” वाटप अंदाजाने चाले. बारीक चेहरा, बारीक कवळी!

त्या सकाळी मी समोरच्या खोलीतल्या आजींच्या तोंडात गेले. त्या बिचाऱ्या सगळंच विसरत, आपले दातही. मी सैल होते, म्हणून मला चिकट मलमाने थापून बसवलं. काढायला गेलं की आजी बोट चावत, म्हणून मग कुणी मला काढलंच नाही. माझ्याखाली अन्न साचलं, आंबलं, हिरवट झालं. माझीच कड त्यांच्या हिरडीत रुतून जखम चिघळली. त्यांच्या प्रत्येक घासाला ती मलाच खुपत होती. मला स्वतःची किळस आली.

आणि हॅलो आजींच्या तोंडात कुणाची तरी भलतीच कवळी कोंबली. घातली की त्यांना उमासा येई. त्या ती काढून मुठीत धरून बसत आणि काहीतरी सांगू पाहत. दातांविना शब्द विरघळून जात.

“काय म्हणतात गं?” मोठ्या बाई विचारत.

“काही नाही, बडबड,” मदतनीस मावशी सांगत.

मग त्यांचं जेवण दळून येऊ लागलं. गोड, तिखट, भाजी, दूध, सगळं एकत्र करून केलेला राखाडी लगदा. हनुवटीवर ओघळला की चमच्याने खरवडून पुन्हा तोंडात. आजींनी तोंड मिटून घेतलं. एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, “पुढच्या सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.”

बुधवारी जेवणाच्या वेळी त्यांची लेक आली.

“आई, बोल ना गं. रुसलीस का?”

“त्या आता बोलत नाहीत,” मोठ्या बाई म्हणाल्या. “खायचंसुद्धा विसरल्यात. वय झालं की असंच व्हायचं.”

तेवढ्यात समोरच्या आजी कशालाशी हसल्या. लेक टक लावून पाहत राहिली.

“या माझ्या आईसारख्या कशा हसतात?”

“अहो, म्हातारी माणसं सगळी सारखीच हसतात.”

“सारखी कशी? तो वाकडा दात आईचा आहे! तिचा खरा दात तसाच होता, म्हणून कवळीतही तिने तो मुद्दाम वाकडा करून घेतला होता. बाबा म्हणाले होते, सरळ दातांची बायको मला परकी वाटेल.” ती त्या आजींजवळ वाकली. “आजी, जरा आ करता?”

त्यांनी गुणी मुलीसारखा आ केला. दुर्गंधी अशी सुटली की मोठ्या बाईंनी पदर नाकाला लावला.

“नाक नंतर धरा. आधी हातमोजे आणा,” लेक म्हणाली. “आणि यांच्या हिरडीसाठी डॉक्टरांना बोलवा.”

मला घासून, औषधाच्या पाण्यात भिजवून पुन्हा हॅलो आजींच्या तोंडात बसवलं. त्या वाळून गेल्या होत्या, त्यामुळे मी किंचित हलत होते. त्यांनी जीभ फिरवून पाहिली.

“केव्हापासून सांगतेय मी,” त्या म्हणाल्या, “ही माझी नाही!”

समोरच्या आजींची कवळी बादलीच्या तळाशी सापडली. हॅलो आजींच्या मुठीतली कवळी मात्र कुणालाच बसेना. अखेर मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, “मागच्या महिन्यात गेले ना, त्या आजोबांची असेल.”

मित्रांनो, आजी-आजोबांना भेटायला गेलात तर फुलदाणी पाहून परत फिरू नका. त्यांच्या तोंडात डोकावा. आमच्यावर त्यांचं नाव कोरून घ्या. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. आणि कुणी “ही माझी नाही” म्हणालं, तर एकदा खरं मानून बघा.

सोमवारी डॉक्टर आले. आजी वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. मागच्या सोमवारी वजन अडतीस किलो शंभर ग्रॅम होतं. या सोमवारी अडतीस किलो सातशे ग्रॅम भरलं.