मूळ लेखकाची सही

सरांनी पोट आत घेतलं आणि टेबल व भिंत यांच्या फटीतून आडवं सरकत मधली खुर्ची गाठली. त्यांच्या एका बाजूला प्राचार्य बसले, दुसऱ्या बाजूला संगणक विभागाच्या मॅडम. नक्कलविरोधी समितीची खोली इतकी अरुंद होती, की मधल्या माणसाला बाहेर पडायचं तर आधी कडेच्या माणसाला उठवावं लागे. तेवढा उपद्व्याप कोण करणार, म्हणून मधल्या माणसाने आजवर एकही बैठक अर्ध्यावर सोडली नव्हती. गेली चार वर्षं मधला माणूस म्हणजे सरच.

टेबलापलीकडे ताई बसल्या होत्या. एका मोठ्या रुग्णालयात त्या बावीस वर्षं लिफ्ट चालवत होत्या आणि संध्याकाळच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. वर्गातली पोरं त्यांना ताई म्हणत, म्हणून सरही म्हणत. स्टुलावर बसायची सवय असल्याने इथेही त्यांनी पाठ टेकली नव्हती.

“अठ्ठ्याण्णव टक्के,” ताप मोजून सांगावा तशा सुरात मॅडम म्हणाल्या. “ताईंचा निबंध आधीच्या एका लेखाशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळतो.”

“आणि उरलेले दोन?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाव आणि हजेरी क्रमांक.”

“चला, तेवढं तरी स्वतःचं आहे.”

“आधीचा लेख आपल्या सरांचा आहे. त्यांच्याच खात्यातून गेल्या महिन्यात चढवलाय.”

प्राचार्यांनी सरांकडे नव्याने पाहिलं. “तुम्ही लिहिता होय? कधी बोलला नाहीत ते.”

सरांनी गेल्या सोळा वर्षांत लिहिलेल्या मजकुरात हजेरीपट होता आणि नक्कलविरोधी नियमावली होती. तेही त्यांनी यावेळी बोलून दाखवलं नाही.

घडलं होतं ते असं. महिन्यापूर्वी ताई निबंधाची फाइल घेऊन आल्या होत्या. “सर, एकदा त्या नक्कल पकडणाऱ्या यंत्रातून काढून बघता का? दिवसभर लोकांची बोलणी कानावर पडतात. कुणाचं वाक्य माझ्यात शिरून बसलं असेल, मला कळायचं नाही.” इतक्या वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला अशी भीती वाटलेली सरांनी पाहिली नव्हती. त्यांना भरून आलं आणि भरून आल्यावर माणूस जसं वागतो तसंच ते वागले. निबंध त्यांनी स्वतःच्या खात्यातून यंत्राला दिला. दोन टक्के आले. ताई खूश, सर खूश. यंत्र मात्र पोटात गेलेलं काही विसरत नाही, आणि देणाऱ्याचं नाव तर मुळीच नाही, हे सरांच्या ध्यानात आलं नाही. ते प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. सर फक्त पहिल्या दिवशी गेले होते.

खरं सांगून टाकावं, तर आडवा येत होता नियम सात. कोणत्याही शिक्षकाने विद्यार्थ्याचं काम आधी तपासून देऊ नये. दिल्यास त्याला समितीवरून व अध्यापनातून दूर करून चौकशी करावी. नियम कडक होता, भाषा चोख होती. लिहिला सरांनीच होता. निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि निरोपाच्या भाषणात ‘निष्कलंक’ हा शब्द यावा एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती.

ताईंचं तर वर्षच जाणार होतं. याच वर्षी पास झाल्या तर तळमजल्यावरच्या नोंदणी खिडकीत त्यांना जागा मिळणार होती. नाहीतर पुन्हा ती लिफ्ट, थेट निवृत्तीपर्यंत.

“तर ताई,” प्राचार्य म्हणाले, “सरांचा लेख तुमच्या हाती लागला कसा?”

ताईंनी सरांकडे पाहिलं. नियमावली सरांनीच वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती, सातव्या नियमासकट, आणि पहिल्या बाकावर बसणारी माणसं ऐकत असतात.

“सापडला,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“वर्गात. बाकाखाली.”

“फाइल? बाकाखाली?”

“हो,” ताई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, पण हट्टही सोडवत नव्हता.

सरांनी घसा खाकरला. “मी काय म्हणतो, आपण निबंध एकदा वाचून बघू या का? लिफ्टवर आहे तो.”

“अहो सर, वाचायचंच असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?” प्राचार्य हसले. “मॅडम, फॉर्म द्या सरांना.”

मॅडमनी फॉर्म सरांपुढे सरकवला. तोही सरांनीच आखलेला. वर दोषी विद्यार्थ्याचं नाव, मधे टक्केवारी, खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकोन: मूळ लेखकाची सही.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. फॉर्मखाली टाचलेला निबंध वर डोकावत होता. महिन्यापूर्वी त्यांनी फक्त टक्के पाहिले होते. आता ते वाचू लागले.

‘लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, आकड्यांकडे बघतात. चौथ्यावर बाळंतिणी असतात, तिथे सगळे एकदम बोलतात. सातव्यावर जाताना दोघं असलेली माणसं कधी कधी एकटी खाली येतात. तळमजला आला तरी ती उतरत नाहीत. मी दार धरून ठेवते. चला, असं म्हणत नाही.’

“सर?” प्राचार्य म्हणाले. “सही.”

सरांनी टोपण पेनाच्या मागे बसवलं. फॉर्म ताईंच्या दिशेने फिरवून टेबलापलीकडे ढकलला आणि त्यावर पेन ठेवलं.

“ताई, या चौकोनात.”

ताई हलल्या नाहीत. “सर, राहू द्या ना.”

“करा. मी खाडाखोड चालवून घेत नाही, नीट करा.”

“अहो, तिथे तुमची सही हवी,” मॅडम म्हणाल्या. “लेखकाची.”

“तेच म्हणतोय मी,” सर म्हणाले. “सातव्या नियमाचा फॉर्म वेगळा आहे. बाहेरच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. आजवर लागला नाही, त्यामुळे तुम्हाला सापडायचा नाही.”

मग कागदावर पेन चालल्याचा बारीक आवाज येऊ लागला. ताई सावकाश, पूर्ण नाव लिहीत होत्या.

सर टेबलाच्या कडेला हात टेकून प्राचार्यांकडे वळले.

“साहेब, जरा उठता का? मला बाहेर यायचंय.”