हलकी केलेली गाडी

गाडी भंगारातून आणलेली होती. मामांनी ती गॅरेजमध्ये ओढून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कुणाच्या तरी लेकराने चिकटवलेली चित्रं होती. ती खरवडून काढताना मामा म्हणाले, "आता हिला रॅलीत पळवायची."

पळवणार होती थोरली भाची. शेजारी बसून पुढचं वळण कसं आहे ते वहीतून वाचून सांगणार होती धाकटी. आईवडील गेल्यापासून दोघी मामांकडेच वाढल्या होत्या. पान्याची ओळख अक्षरांच्या आधी झालेली.

पहिल्या रॅलीत इंजिन इतकं तापलं की गाडी ढकलतच बाहेर काढावी लागली. मामांनी मोठा रेडिएटर बसवला. पुढच्या खेपेला मागच्या चाकांचा ॲक्सल मोडला. त्यानंतर मात्र गाडी शेवटपर्यंत पोचली, शेवटून दुसरी.

"शेवटची कोण?" शेजारच्या शेडमधल्या पेंटरने विचारलं.

"जी उलटली ती," थोरली म्हणाली.

पेंटर पोट धरधरून हसला. गाडीला रंग त्यानेच दिला होता, फुकट, आणि दर रॅलीनंतर पडलेले ओरखडेही तोच बुजवत असे. "माझ्या लेकीला जरा जपून चालवा गं," म्हणायचा.

मग मामांनी वजन कमी करायला घेतलं. सीट, आतला पत्रा, मागची काच, जे निघेल ते काढलं. गाडी सुसाट पळू लागली. तिच्या गटात तिसरा नंबर आला. पण थोरली कुरकुरत होती.

"मामा, वळणावर मागची बाजू सुटते. धरून ठेवताना नाकी नऊ येतात."

"हलकी आहे ना, सुटणारच. हात बसेल."

"वजन परत टाकू या का?" धाकटीने विचारलं.

थोरलीनेच मान हलवली. "नको. नंबर जाईल."

पुढच्या रॅलीत अर्ध्या वाटेपर्यंत त्या पहिल्या होत्या. बघायला पेंटरही आला होता. खडीच्या एका उजव्या वळणावर मागची बाजू सुटली, थोरलीने स्टिअरिंग उलटं फिरवलं, पण गाडी आडवी होत बाहेरच्या कडेला गेली. धप्प असा आवाज झाला. थोरलीने ब्रेक दाबला.

"काय लागलं?"

धाकटी दार उघडून मागे धावली.

पेंटर प्रेक्षकांसाठी बांधलेली दोरी ओलांडून वळणाच्या बाहेरच्या कडेला उभा होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत धाकटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला.

चौकशी झाली. माणूस मनाई असलेल्या जागी उभा होता, चालकाची चूक नाही, असं ठरलं. गाडी परत मिळाली.

दिवसकार्य उरकल्यावर पेंटरची बायको त्याची हत्यारं न्यायला आली. मामांनी रंग मारायची स्प्रेगन पुसून तिच्या हातात दिली. तिने दोघींकडे पाहिलं.

"तुम्हाला दिसले होते का ते?"

"नाही, वहिनी," थोरली म्हणाली. "माझी नजर रस्त्यावर होती."

"मला दिसले," धाकटी म्हणाली. "वाचता वाचता वर पाहिलं. हात हलवत होते. हसत होते."

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने थोबाडीत दिली. वहिनी स्प्रेगन पदरात गुंडाळून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी थोरली म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"त्यांनी विचारलं, ताई."

मामांनी गाडीत वजन परत टाकलं. थोरलीने पुढच्या रॅलीत नाव नोंदवलं. धाकटी बसायला तयार नव्हती, म्हणून भाड्याने दुसरा माणूस घेतला. वजन वाढलं तरी हात बसला होता. ती पहिली आली. कप घेऊन आली तेव्हा मामा गाडीखाली झोपून काम करत होते, ते बाहेर आलेच नाहीत. तिने कप बाकावर ठेवला आणि कपडे न बदलताच जेवायला बसली. ताट संपवलं.

आणखी दोनदा तिने रॅली जिंकली. मग इंजिन बसलं आणि मामांनी गाडी तुकड्यातुकड्यांनी विकून टाकली.

वहिनींनी शेड बंद केली नाही. धाकटी सकाळी तिकडे जाते, पत्रा घासून देते. तिला आणि वहिनींना रंगाबद्दलच काय ते बोलता येतं. थोरली दर वर्षी तिला विचारते, "येतेस का शेजारी?" धाकटी नको म्हणते, आणि थोरली दुसऱ्याची गाडी घेऊन रॅलीला निघते.