काटा लाल पट्ट्यात

सोमवारी सकाळी दहा वाजता सायलीने कारखान्याचा मालक कुलदीप याच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडला, तेव्हा तिच्या हातात साडेचार दिवस होते. शुक्रवारी दुपारी गाड्यांच्या कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार होती. त्याआधी शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालतात त्या शेडमध्ये, टीव्ही लागायला हवा होता, त्यावर उत्पादनाचा आकडा दिसायला हवा होता आणि पाहणी नीट पार पडली की कुलदीप कामाच्या कागदावर सही करणार होता. ती सही मिळाली तर तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतली सायलीची नोकरी पक्की. तिची सहा महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती. सही मिळाली नाही तर काय, हे तिचा टीम लीड निरंजन याने सांगितलं नव्हतं. तो फक्त "बघू" म्हणाला होता. निरंजन "बघू" म्हणाला की पुढे बघण्यासारखं फारसं काही उरत नसे.

कारखाना चाकणचा. चार प्रेसची एक लाइन. पहिल्या प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा शिरायचा आणि चौथ्यातून मोटारसायकलच्या फुटरेस्टचा ब्रॅकेट होऊन बाहेर पडायचा. चौथ्या प्रेसवर बसवलेला सेन्सर प्रत्येक ठोका मोजत होता. म्हणजे मोजण्याचा प्रश्न सुटला होता. दाखवण्याचा राहिला होता.

"याला आम्ही कार्ड म्हणतो," सायली म्हणाली. "टीव्हीवर एक चौकोन, त्यात एक गोष्ट. मी तीन प्रकार आणलेत."

पहिल्या कार्डावर नुसता मोठा आकडा होता. दुसऱ्यावर आकडा आणि खाली दिवसभराच्या चढउताराची बारीक रेघ. तिसऱ्यावर अर्धगोल मीटर आणि त्यात काटा. हा तिसरा तिला स्वतःला अजिबात पसंत नव्हता. दोनच पर्याय नेले तर काम कमी केल्यासारखं दिसतं, एवढ्यासाठी तिने तो घातला होता.

कुलदीप एकतीस वर्षांचा. घरी तीन मोटारसायकली, त्यातली एक फक्त रविवारी पुसायला. त्याने पहिल्या दोन कार्डांकडे बघितलंसुद्धा नाही.

"राव, हा बघा की! हाच! असे बारा लावा."

"बारा मीटर लावले तर कुठे बघायचं तेच कळणार नाही."

"मग एकच, पण मोठा. काळी डायल करा. आणि शेवटी लाल पट्टा पाहिजे. लाल पट्ट्याशिवाय मीटर म्हणजे घड्याळ."

"लाल कुठून सुरू करायचा?"

"शंभर टक्क्यांच्या पुढं. टार्गेटपेक्षा वेग जास्त झाला की काटा लालमध्ये."

"पण लाल म्हणजे काहीतरी चुकलंय, असं वाटतं लोकांना."

"मॅडम, लालमध्येच तर गाडी पळते!"

दाराजवळच्या खुर्चीत कुलदीपचे वडील मारुतराव पेपर वाचत होते. कारखाना उभा आहे ती जमीन त्यांच्याच नांगराखालची. त्यांनी चष्म्यावरून लॅपटॉपकडे पाहिलं. "मीटर ब्येस हाय," ते म्हणाले. "पर गाडी कुटं चाललीय त्ये न्हाई कळत त्यात."

"आबा, तुम्ही पेपर वाचा."

सायली शॉपमध्ये गेली. तिथे खांबाला एक काळा फळा टांगलेला होता आणि त्यासमोर सुपरवायझर नौशाद खडू घेऊन उभा होता. बावीस वर्षांपासून तो याच लाइनवर. दर पंधरा मिनिटांनी तो फळ्यावर तीन आकडे लिहायचा: झाले, बाकी, फेकले. दर तासाला तीनशे ब्रॅकेट पाडायचे, आणि तास संपला की फळा पुसून पुन्हा सुरुवात.

"नौशादभाई, यातला कुठला आकडा लोक जास्त बघतात?"

"बाकीचा. झालेलं काय बघायचं, ते तर झालं." त्याने खडू कानामागे अडकवला. "आणि ताई, प्रेसवरच्या माणसाला मान वर करायला दोन सेकंद मिळतात. तिसऱ्या सेकंदाला मी ओरडतो."

हे तिने वहीत लिहून घेतलं आणि बाहेर येऊन निरंजनला फोन लावला. निरंजनने ऐकून घेतलं. "सही कोण करणार? फळावाला की मीटरवाला?"

"मीटरवाला."

"मग मीटर दे."

मंगळवारी दुपारी फळ्याच्या बरोबर वर त्रेचाळीस इंची टीव्ही लागला. काळी डायल, पांढरा काटा, शंभरपासून एकशेवीसपर्यंत लाल पट्टा. कुलदीपने त्यासमोर उभं राहून फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि पहिल्या दहा मिनिटांत कोणी कोणी बघितला ते मोजलं.

बुधवारी दुपारी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली तेव्हा नौशादने बेरीज केली. टार्गेट चोवीसशेचं. लाइन एरवी पंचवीसशेच्या आसपास जायची. आज बावीसशे ऐंशी झाले होते.

"मशीन बंद पडली?" कुलदीपने विचारलं.

"नाही."

"कुणी रजेवर?"

"सगळे हजर. उलट आज सगळे खूश दिसत होते."

कुलदीप सायलीकडे वळला. "मॅडम, तुमचा टीव्ही लागला आणि माझी लाइन बसली. परवा पाहुण्यांना हे दाखवू? असलं असेल तर सहीचं नाव काढू नका."

उद्या गुरुवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. म्हणजे लाइन चालताना बघायची असेल तर आज दुसऱ्या शिफ्टलाच बघावी लागणार होती. सायली चौथ्या प्रेसपासून पाच फुटांवर, पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभी राहिली. प्रेसवर बरकत होता. तो रोज आळंदीहून मोटारसायकलने यायचा आणि त्याची गाडी लिटरला पासष्ट देते, हे लाइनवर प्रत्येकाला दोनदा तरी ऐकून माहीत होतं.

वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. काटा अठ्ठ्याण्णववर, मग नव्व्याण्णववर. तो शंभरला टेकला तसं बरकतने मान वर केली, टीव्ही बघितला, पुढचा ब्रॅकेट हातातच धरला आणि शांतपणे फडक्याने घाम पुसला. घाम फारसा नव्हता. काटा सत्त्याण्णववर उतरला. बरकत पुन्हा कामाला लागला.

चहाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं. "बरकतभाऊ, मघाशी का थांबलात?"

"काटा लालला लागला ना."

"मग?"

बरकतने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. "ताई, तुम्ही गाडी चालवता का?"

"स्कूटर."

"मग लालमध्ये ठेवून चालवता? इंजिन बसेल ना. आम्हाला वाटलं, कंपनीने मशीनच्या तब्येतीसाठी मीटर लावलाय." त्याने कप खाली ठेवला. "सकाळच्या शिफ्टवाले सांगून गेले, आठ तासांत काटा एकदाही आत जाऊ दिला नाही. आमचा दोनदा गेला. पण लगेच काढला, मोठ्या साहेबांना सांगू नका."

म्हणजे चहाच्या आणि प्रेसचा साचा बदलण्याच्या वेळेत मागे पडलेलं काम लाइन रोज थोडा वेग वाढवून भरून काढत होती. तो वेग शंभरच्या पुढचा, म्हणजे नेमका लाल पट्ट्यातला. सायलीने हे केबिनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. कुलदीप आधी हसला, मग हसायचा थांबला.

"सोपं आहे. लालचा हिरवा करा."

"करते. पण त्याआधी दोन सेकंद द्या."

तिने त्याला चौथ्या प्रेसजवळ आणलं आणि टीव्हीकडे पाठ करून उभं केलं. मागे मारुतरावही काठी टेकत आले. "मी म्हटलं की वळायचं, दोन म्हटलं की परत फिरायचं. आणि सांगायचं, या तासाला अजून किती ब्रॅकेट पाडायचेत."

कुलदीप वळला, परत फिरला. "भारी दिसतंय," तो म्हणाला.

"किती बाकी?"

"काटा... चांगला वर होता."

"आता खालचा फळा. वळा."

कुलदीप वळला, परत फिरला. "एकशे दहा." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो नौशादकडे बघू लागला. नौशाद मात्र छताकडे बघत होता.

"व्हय रं," मारुतराव म्हणाले, "म्या सोमवारीच म्हनलं व्हतं."

"आबा, तुम्ही नेहमीच सोमवारीच म्हटलेलं असतं."

गुरुवारी सायलीने तळवड्याच्या ऑफिसात बसून नवं कार्ड बनवलं. पांढऱ्यावर काळा, टीव्हीभर एकच आकडा आणि वर एकच शब्द: बाकी. काटा नाही, रंग नाही, रेघ नाही. निरंजन तिच्या मागे उभा राहून बघत होता.

"तीन दिवसांचं काम म्हणून हे दाखवणार?"

"हो."

"बघू," निरंजन म्हणाला.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला पाहुणे आले. दोघे जण. त्यांच्यात ज्येष्ठ होत्या अपेक्षा मॅडम, ज्यांच्या हातातल्या वहीला कुलदीप तिच्या मालकिणीपेक्षा जास्त घाबरत होता. सुट्टीनंतर पाळ्या बदलल्याने बरकत आज पहिल्या शिफ्टला होता, आणि सकाळपासून लाइन तासाला तीनशे बारा पाडत होती. टीव्हीवर आकडा चौसष्ट होता, तेवढ्यात लाइट गेली.

जनरेटर वीस सेकंदांत सुरू झाला आणि प्रेस पुन्हा ठोके देऊ लागल्या. टीव्ही मात्र स्वतःच्या कंपनीचं नाव फिरवत बसला. सायली खांबाला टेकून उभी राहिली. नौशादने कानामागचा खडू काढला, चौथ्या प्रेसजवळच्या हिरव्या पेटीत डोकावला आणि फळ्यावर लिहिलं: बाकी ५८. त्याच क्षणी टीव्ही जागा झाला.

बाकी ५७.

कुलदीपचा चेहरा उतरला. अपेक्षा मॅडमनी वही उघडली. "यातलं खरं कोणतं?"

सायलीने आधी फळा पाहिला, मग टीव्ही. सेन्सर चुकला म्हणावं तर काम गेलं, आणि नौशाद चुकला म्हणावं असं तिला वाटत नव्हतं.

"दोन्ही, मॅडम," नौशाद म्हणाला. "ताईंचा सेन्सर ठोका मोजतो. मी पेटीत पडलेला मोजतो. एक वाटेत असणार." त्याने मागे वळून हाक मारली. "बरकत! हातात काय आहे?"

बरकतने हात वर केला. हातात एक ब्रॅकेट होता. "कडेला रेघ वाटली म्हणून उजेडात बघत होतो."

अपेक्षा मॅडमनी तो घेतला, बोट फिरवलं, खिडकीकडे धरला. पेट्या दोन होत्या, हिरवी चांगल्या मालाची, लाल फेकायच्या मालाची. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. पहिल्यांदाच त्या शॉपमध्ये टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"तेलाचा डाग आहे," त्या म्हणाल्या, आणि ब्रॅकेट हिरव्या पेटीत टाकला.

नौशादने बोटाने आठ पुसला आणि सात लिहिला.

मॅडमनी वहीत दोन ओळी लिहिल्या, टीव्हीकडे एकदा मान वर केली, दोन सेकंद पुरले, आणि पुढच्या खोलीकडे निघाल्या. कुलदीप सायलीच्या कानाशी आला. "कौतुक तर काही केलंच नाही त्यांनी."

"पुन्हा काही विचारलंही नाही," सायली म्हणाली.

हे त्याला पटायला पाहुण्यांची गाडी गेटबाहेर जावी लागली. मग त्याने केबिनमध्ये कामाचा कागद मागवला आणि सही केली. खाली 'ग्राहकाच्या सूचना' असा रिकामा चौकोन होता. तिथे त्याने बराच विचार करून लिहिलं: काळ्या डायलचा मीटर माझ्या केबिनमध्ये लावून द्यावा. लाल पट्ट्यासह.

सायलीने तो तासाभरात लावून दिला. तिने कागदाचा फोटो निरंजनला पाठवला तेव्हा बरकत रजेचा अर्ज घेऊन केबिनच्या दारात उभा होता. आत कुलदीप खुर्ची मागे टेकवून भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसला होता. काटा एकशे चारवर.

बरकतने अर्ज पाठीमागे लपवला. "राहू दे, उद्या देतो," तो सायलीला हळूच म्हणाला. "साहेबांचं इंजिन गरम आहे."