आठ दोऱ्यांची छत्री

रमथा गावात दुहैमला सगळे अबू नायफ म्हणत. सव्वीस वर्षं सीरियाच्या सरहद्दीवर पहारा केलेला माणूस. नोकरी संपली, पण संशय घेण्याची खोड काही सुटली नव्हती. पलीकडून फुग्यांना बांधून नशेच्या गोळ्या येतात, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच दहा वर्षांच्या नातीच्या, जुमानाच्या गादीखाली एक कागद सापडला तेव्हा तो जागच्या जागी बसला.

कागदावर आठ बाजूंची आकृती होती. आठही कोपऱ्यांतून रेघा खाली एका पुरचुंडीकडे गेलेल्या. शेजारी लिहिलं होतं: ‘उंची नऊ मीटर. वजन चाळीस ग्रॅम. वारा उत्तरेकडून.’ आणि तळाशी: ‘आजोबांना सांगायचं नाही.’

उत्तरेला सीरिया. दुहैमनं कागदाची घडी करून खिशात घातली.

“पोरगी कुठंय?” त्यानं सुनेला विचारलं.

“गावातल्या शिकवणी केंद्रात. विसालबाई शिकवतात ना मुलींना,” हियाम पीठ मळता मळता म्हणाली.

“कोण विसाल? कुठली?”

“दरआची. तिकडं शाळेत गणित शिकवायची.”

“दरआ म्हणजे पलीकडची. आणि हे तू मला आज सांगतेस?”

“बाबा, तुम्हाला सांगितलं की तुम्ही आधी तिच्या सात पिढ्यांची झडती घेणार. नंतर पोरीला पाठवणार, तेही पाठवलं तर.”

तो केंद्राकडे निघाला.

केंद्राच्या आवारातल्या जैतुनाच्या झाडाआड तो उभा राहिला. गच्चीवर एक किडकिडीत बाई होती. खाली सहा मुली माना वर करून उभ्या होत्या, आणि जुमानाच्या हातात मोबाइल. बाईनं काहीतरी सोडलं. पांढरी हवाई छत्री उघडली आणि डुलत, गिरक्या घेत खाली येऊ लागली. ती जमिनीला टेकायच्या आत दुहैमनं धावत जाऊन पुरचुंडी पकडली आणि दातांनी फाडली.

हरभरे. सगळीकडे हरभरे सांडले.

एक मुलगी फिसकन हसली. जुमाना मात्र पांढरीफटक पडली. बाई जिना उतरून आली.

“मुलींना काय शिकवता हे?” दुहैमनं विचारलं.

“भूमिती,” विसाल म्हणाली. “चौकोनी कापड तीनदा दुमडून कापलं की अष्टकोन होतो. आठही दोऱ्या सारख्या लागतात, एक आखूड झाली तर छत्री कलते. बाजू दुप्पट केली तर कापड चौपट लागतं. हे त्यांनीच मोजून काढलं.”

“मग चोरून कशाला?”

उत्तर जुमानानं दिलं. “मागच्या वर्षी तुम्ही माझा पतंग जाळलात. उत्तरेकडे जातोय म्हणून.”

उगाच छत्री उलटीपालटी करत दुहैम म्हणाला, “मधे भोक नाही. म्हणून डुलते. कोंडलेली हवा कुठल्याही कडेनं निसटते. वर मधोमध पाडलंत तर सरळ येईल.”

आता विसालनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“पलीकडच्या लढाईत रात्री आकाशातून पेटते दिवे सोडायचे ना, ते अशाच छत्र्यांना टांगलेले असायचे. वाऱ्यानं काही आमच्या बाजूला पडले. मी गोळा करायचो.”

“त्या दिव्यांच्या उजेडात आम्ही घर सोडलं,” ती म्हणाली. “आमच्यावर कोणी सोडले, ते कधीच कळलं नाही.”

“आम्ही नाही सोडले.”

“तुम्ही म्हणता तर.”

मुली हरभरे वेचायला लागल्या. शेवटी जुमानानं कात्री आणली आणि दुहैमच्या पुढे धरली. त्यानं अष्टकोनाचे समोरासमोरचे कोपरे जुळवून मध्य काढला आणि नाण्याएवढं गोल कापलं. विसाल छत्री घेऊन वर गेली.

या खेपेला छत्री जवळजवळ सरळ उतरली.

“आधीपेक्षा थोडी लवकर आली,” जुमाना मोबाइलवर मोजलेली वेळ पाहत म्हणाली. “भोकातून हवा जाते म्हणून. आजोबा, अर्ध्या आकाराचं भोक पाडून बघायचं?”

“बघ की,” तो म्हणाला आणि कट्ट्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दरआहून आलेल्या एका बेकरीवाल्याकडं बाईची गुपचूप चौकशी केली. बेकरीवाला हसायला लागला. “अबू नायफ, ती बाई सकाळीच येऊन गेली. तुम्ही माणूस कसे आहात, विचारत होती.”

“मग काय सांगितलंस?”

“खरं तेच. संशयी आहे म्हटलं, पण वाईट नाही.”

दुहैमनं त्याच्याकडून चार भाकरी घेतल्या. मग भाकरी काखोटीला मारून तो केंद्राच्या वाटेला लागला.