मला हळदकुंकू वाहणारी माणसं

मी एक ग्रंथ बोलतोय. ग्रंथ म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी काहींचे हात आपोआप जुळले असतील, तर ते कृपा करून खाली घ्या. मी तसला ग्रंथ नाही. देव आहे का, असला तर ऐकतो का, आणि ऐकत असला तर गप्प का बसतो, असल्या शंकांनी माझी पानं भरलेली आहेत. तरीही गेली काही वर्षं माझा मुक्काम देवघरात आहे. रोज सकाळी मला हळदकुंकू वाहतात, गुरुवारी फूल मिळतं आणि चतुर्थीला माझ्या नाकासमोर अशी उदबत्ती लावतात की जीव गुदमरतो. तुमचा यावर विश्वास बसणार नाही, पण विश्वास न बसणाऱ्यांची मला सवय आहे.

मला लिहिलं एका निवृत्त प्राध्यापकांनी. माझं प्रकाशन थाटात झालं. अध्यक्षांनी मला न उघडता माझ्यावर तासभर भाषण केलं आणि 'ईश्वर लेखकाला उदंड आयुष्य देवो' असं म्हणून ते खाली बसले. लेखकांनीही शाल आणि नारळ हसतमुखानं घेतला. त्याच संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं की आपलं पुढं काही खरं नाही.

पुढं मी छावणीच्या बाजारात एका ताडपत्रीवर येऊन पडलो. माझ्या एका अंगाला मिक्सरची जुनी भांडी होती, दुसऱ्या अंगाला बिनपट्ट्याची घड्याळं. एक दिवस एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मला उचललं. नाव वाचलं आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मागंपुढं पाहिलं. दारूच्या दुकानापुढं भली माणसं उभी असतात ना, तसं. विक्रेता म्हणाला, "ले लेव साब, एकदम कोरी है. किसीने खोली बी नई." इतकी खरी जाहिरात माझी कुणी केली नव्हती.

ते गृहस्थ म्हणजे तात्यासाहेब. हर्सूलच्या पलीकडं वडिलोपार्जित शेती, जन्मभर सरकारी नोकरी आणि आता उस्मानपुऱ्यात फ्लॅट. फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीच्या डावीकडं देवघर, उजवीकडं काचेचं शोकेस. तात्यासाहेबांनी मला पिशवीतून काढून गुपचूप त्या शोकेसमध्ये मागच्या बाजूला सरकवलं, आणि माझी शेजाऱ्यांशी ओळख झाली.

पहिला शेजारी लष्करी इतिहासाचा. हा तात्यासाहेबांना निवृत्तीच्या समारंभात भेट मिळालेला. जगातल्या सगळ्या लढाया याला तोंडपाठ, कुठल्या सेनापतीनं कुठं घोडचूक केली ते हा झोपेतही सांगेल, पण पाठीवर झुरळ चढलं की याचं सगळं युद्धशास्त्र संपतं. त्याला घरात एकच कामगिरी होती. वारा सुटला की त्याला काढून खिडकीला टेकवत.

दुसरं पुस्तक क्रांतीचं. ते माऊलीचं, म्हणजे तात्यासाहेबांच्या थोरल्या मुलाचं. कॉलेजात असताना माऊलीनं ते छातीशी धरून मोर्चे काढले होते. जमीन कुणाची असावी, या प्रकरणात त्यानं लाल शाईनं रेघा मारल्यात, समासात 'एकदम बरोबर' असंही लिहिलंय. हल्ली तो हर्सूलकडं प्लॉट पाडून विकतो.

तिसरं मानसोपचाराचं. ते माऊलीच्या बायकोनं, सोनियानं आणलं. सोनिया शाळेत शिकवते. तिनं ते सासऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तात्या, हे वाचा. मनातलं बोललं की माणूस मोकळा होतो, असं दिलंय यात." तात्यासाहेबांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, शोकेसमध्ये ठेवलं आणि काचेला कुलूप लावलं. ज्या पुस्तकात मोकळं व्हायला सांगितलंय ते कुलपात गेलं. बिचारं अजूनही स्वतःशीच बोलतं.

सोनियानं ते का आणलं होतं, ते मात्र थट्टेनं सांगता येत नाही.

तात्यासाहेबांचा धाकटा मुलगा कृष्णा. तात्यासाहेब दर वर्षी पोथीचं पारायण करत. एका वर्षी समाप्तीच्या सकाळी कृष्णा मोटरसायकलवरून प्रसादाचे पेढे आणायला गेला आणि परत आला नाही. हर्सूलच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. इथं पोथीचा शेवटचा अध्याय चालू होता.

भेटायला येणाऱ्यांनी मग नेहमीप्रमाणं घरच्यांचं सांत्वन केलं. एकजण म्हणाला, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. दुसरा म्हणाला, पारायणात काही राहून गेलं असंल, सोवळंओवळं नीट बघायला पाहिजे. माणसाच्या जखमेवर काय चोळावं हे माणसाला न शिकवता येतं.

तात्यासाहेबांनी पोथी बंद केली, आणि त्यानंतरच कधीतरी बाजारातून मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी सरूबाईंनी दिवा लावणं सोडलं नाही, फक्त त्या घरात पुन्हा कधी पेढा आला नाही. कृष्णाच्या फोटोला हार बदलला जाई, पण त्याचं नाव कुणी घेत नसे. काही महिन्यांनी सरूबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्ही पोथीला बसत जा की परत. तुम्ही बसता तवा मला जरा बरं वाटतं."

आता नाही कसं म्हणायचं? पण पोथीत एक कथा आहे. भक्ताचं मेलेलं लेकरू देव उठवून बसवतो. तात्यासाहेबांना ते पान उलटवेना. तेव्हा या सरळमार्गी माणसानं आयुष्यातली पहिली लबाडी केली. पोथीही बांधीव होती, माझ्याच मापाची. त्यांनी माझं वरचं वेष्टन काढून पोथीला घातलं आणि तिला शोकेसमध्ये, पाठ आत करून, माझ्या जागी उभं केलं. पोथीचं लाल बासन मला गुंडाळलं आणि मला देवघरात नेऊन ठेवलं.

झालं. रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून, समई लावून तात्यासाहेब मला मनातल्या मनात वाचू लागले. मला इतक्या भक्तिभावानं कुणी वाचलं नव्हतं. माझ्या लेखकांनी मुद्रितं तपासतानाही नाही. तात्यासाहेबांचे ओठ हलत, मधूनच डोळे भरत, आणि दारातून बघणाऱ्या सरूबाई पदर डोक्यावर घेऊन नमस्कार करत.

मला वाचायला लागल्यापासून तात्यासाहेब दोन घास जास्त जेवू लागले. याचं श्रेय अर्थातच पोथीला गेलं, म्हणजे मला गेलं, म्हणजे देवाला गेलं. सरूबाईंनी हे दूध घालणाऱ्या बानाबाईंना सांगितलं. बानाबाईंच्या घरी म्हशी आणि मेंढरं. दुसऱ्या दिवशी त्या दाराशी उभ्या. "तात्यासाहेब, ती पोथी जरा डोक्याला लावू द्या. आमची म्हैस कालधरनं गायब हाय. लई गुणाची हाय वो." तात्यासाहेबांचा चेहरा पडला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मला बासनासकट बानाबाईंच्या कपाळाला लावलं.

संध्याकाळी म्हैस आपली आपण घरी आली.

तुम्हीच सांगा, मी काय करायचं? चमत्कार होत नाहीत हे मी एका पूर्ण प्रकरणात सिद्ध केलंय. आता कुणाच्या सुनेची डोकेदुखी, कुणाच्या जावयाची बदली, सगळी माझ्या पायाशी येऊ लागली. त्यातली निम्मी कामं आपोआप झाली आणि उरलेल्यांची कुणी आठवण ठेवली नाही. हेही माझ्या त्याच प्रकरणात आहे, पण ते वाचायला बासन सोडावं लागतं.

मग सरूबाईंनी उद्यापन ठरवलं. नातेवाईक बोलवायचे, पानं वाढायची आणि समाप्तीचा अध्याय तात्यासाहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, अशी घरची रीत. वाचणारा एकदा बसला की मधे उठत नाही, आणि मांडलेली पोथी हलवत नाहीत. सोनियानं विचारलं, "आई, प्रसादाला पेढे सांगू का?" सरूबाई म्हणाल्या, "शिरा करू," आणि आत निघून गेल्या.

तात्यासाहेबांचा बेत साधा होता. त्या दिवशी पहाटे उठून आमची अदलाबदल करायची. तेवढ्यापुरती पोथी परत पोथी आणि मी परत मी.

पण घरी पाहुणे येणार म्हणजे साफसफाई आलीच. आदल्या दिवशी सोनियानं शोकेस उघडलं आणि उलटं ठेवलेलं पुस्तक सुलट केलं. वेष्टनावरचं माझं नाव वाचून ती जागच्या जागी उभी राहिली. गावाकडची माणसं येणार, त्यांनी उद्यापनाच्या घरात हे पाहिलं तर? तिनं कुणाला न विचारता ते पुस्तक पिशवीत घातलं आणि माळ्यावर जुन्या चपलांच्या खोक्यामागं ढकललं. अशा रीतीनं धर्माच्या रक्षणासाठी खरी पोथी चपलांत गेली आणि मी चौरंगावर.

पहाटे तात्यासाहेबांनी शोकेस उघडलं तेव्हा लष्करी इतिहास आणि क्रांती यांच्यामागं मोकळी जागा होती. विचारणार तरी कुणाला, आणि काय विचारणार? माझं नास्तिक पुस्तक कुठंय? ते काच धरून उभे राहिले. तेवढ्यात सरूबाई आल्या, मला चौरंगावर मांडलं, फुलं वाहिली. आता हलवायची सोय राहिली नाही.

हॉल भरला. सरूबाईंचे भाऊ कारभारीमामा पुढं मांडी घालून बसले, बायका भिंतीकडं, माऊली दाराजवळ मोबाईल बघत. तात्यासाहेबांनी बासन सोडलं. मला त्यांनी रोजच्या पानावर उघडलं. पोथी त्यांना पाठ होती. डोळे मिटून त्यांनी ओव्या म्हणायला सुरुवात केली आणि गाडी बरी चालली. पण ती कथा आली. लेकरू निजलंय, आई रडते आहे, आणि आता देव येणार. तिथं त्यांचा आवाज बसला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच अडले. सगळे बघत होते.

मग त्यांनी डोळे उघडले आणि मला वाचलं.

"एका बापानं विचारलं, माझं लेकरू का गेलं? कुणी सांगितलं, पूर्वजन्माचं पाप. कुणी सांगितलं, देवाची मर्जी. बाप म्हणाला, मी तुम्हाला उत्तर मागितलं होतं, तुम्ही मला गप्प बसवलंत. मला ठाऊक नाही, असं एकानं जरी म्हटलं असतं, तर मी त्याच्याजवळ बसून रडलो असतो."

मला वाटलं, आता भूकंप होणार. माझं नशीब बघा, कारभारीमामा डोळे मिटून मान डोलावत म्हणाले, "लई गहन हाय." बायकांनी हात जोडले. एक आजी पुटपुटल्या, "हल्ली पोथ्या बी सोप्या करून छापत्यात, बरं झालं." माऊलीनं मात्र मोबाईल खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा मी भरल्या सभेत वाचला गेलो आणि सभेनं मला आरतीनं गप्प केलं असतं.

पण तात्यासाहेब थांबल्यावर सरूबाई म्हणाल्या, "थांबू नका. पुढं वाचा." ते वाचत गेले. प्रकरण संपेपर्यंत त्यांचा आवाज पुन्हा अडला नाही.

पाहुणे शिरा खाऊन गेले. सरूबाई चौरंगासमोर बसून राहिल्या. बासन त्यांच्या मांडीवर होतं.

"ही आपली पोथी नव्हं," त्या म्हणाल्या.

"नाय," तात्यासाहेब म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून बसत होतो. मला ती वाचवंना."

"आन् मी तुमच्यासाठी दिवा लावत होते," सरूबाई म्हणाल्या. "म्हणलं, माझा बी इश्वास गेलाय असं कळलं तर तुम्ही कुणाकडं बघाल?" थोडा वेळ त्या बासनाची कड चाचपत राहिल्या. "पेढे मीच आणायला लावले त्याला. तो म्हणत होता, आई, साखर वाटू. मीच म्हणलं, देवाला पेढेच पायजेत. तवापासून मला इचारायचं हाय, की देवा, तुला खरंच पायजे व्हते का? पर इचारायचं कुणाला? पाप लागंल वाटायचं."

उत्तर माझ्याकडं नाही, हे मी आधीच कबूल केलेलं आहे. तात्यासाहेब म्हणाले, "मला ठाऊक नाय, सरू." आणि मग ती दोघं कृष्णाचं नाव घेऊन रडली, दारात उभ्या असलेल्या माऊली-सोनियासमोर. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. शंका घेणाऱ्यालाही वाटतं.

सोनियानं दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पोथी काढली, पुसली, तिच्यावरचं माझं वेष्टन उतरवलं आणि तिला देवघरात ठेवलं. आता आम्ही दोघं शेजारी शेजारी असतो. आमचं भांडण होईल असं वाटलं होतं, पण चपलांत राहून आल्यापासून पोथी बरीच नम्र झाली आहे, आणि मीही म्हशीच्या प्रकरणापासून फार बोलत नाही. मानसोपचाराचं पुस्तक मात्र रुसलंय. 'ते काम माझं होतं,' असं ते काचेआडून म्हणत असतं. त्याला कुणी सांगावं, की कुलूप उघडायला हवं होतं?

मला बासनातून मात्र सोडलेलं नाही. मी शंकेचं पुस्तक आहे हे सरूबाईंना आता चांगलं ठाऊक आहे, तरी सकाळी हळदकुंकू येतंच. "एकदा वाहिलंय, आता उघडं कसं ठिवायचं?" असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालत नाही. वाचकहो, तुम्हीही आपापल्या पुस्तकांना कुंकू लावा, फुलं वाहा, उदबत्ती तेवढी लांब धरा. फक्त अधूनमधून उघडत जा.

दुपारी जेवणं झाली की तात्यासाहेब मला मोठ्यानं वाचतात आणि सरूबाई ऐकतात. मधे थांबून कृष्णाची एखादी आठवण निघते, कधी ती दोघं चक्क हसतात. परवा माझं शेवटचं पान आलं. तात्यासाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "संपलं."

सरूबाई उठल्या, आत गेल्या आणि वाटीत दोन पेढे घेऊन आल्या. देवापुढं ठेवले नाहीत, माझ्यापुढंही नाहीत. कृष्णाच्या फोटोपुढं ठेवले. मग परत येऊन बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हं. आता परत पहिल्यापासनं."