सहा महिन्यांपुरती गोळी

चौथीच्या पोरांना शुद्धलेखन सांगता सांगता सुमनबाईंनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि डोक्यावर ओतला. पोरं आधी हसली, मग चिडीचूप झाली. पातळ भिजलं, हजेरीपट भिजला. सुमनबाईंनी पुढचा शब्द सांगितला. लाज वाटायला हवी हे त्यांना कळत होतं, पण वाटत नव्हती.

ही ब्याऐंशी सालच्या मार्चअखेरची गोष्ट. बाईंचं वय एकोणपन्नास, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. दिवसातून दहा-बारा वेळा छातीतून आग उठायची, कपाळाला भिडायची आणि अंग घामाने निथळायचं. झोप तर उडालीच होती. पण त्याहून वेगळंच काहीतरी झालं होतं. मुलीला सासरी पाठवताना सगळं बिऱ्हाड रडलं, बाई डबे मोजत राहिल्या. रविवारी विहारात वंदना म्हणताना ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही.

तांब्याची बातमी हेडमास्तरांनी घरी कळवली. यजमान पुंजाराम एसटीत कारकून होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना गंगापूर रोडला डॉ. इंदिरा गर्गेंकडे नेलं.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या आहेत. शरीरात जे बनायचं थांबलंय, तेच बाहेरून द्यायचं. आग थांबेल, झोप लागेल, हाडंही लवकर ठिसूळ होणार नाहीत."

"मग द्या," पुंजाराम म्हणाले.

"थांबा. नुसती ती गोळी घेतली तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून महिन्यातले दहा-बारा दिवस दुसरी गोळी जोडीला द्यावी लागते. त्याने पाळी पुन्हा सुरू होईल. आणि सुमनबाई, तुमच्या आई कशाने गेल्या?"

"छातीत गाठ होती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तिथेच मी अडते. या गोळीने तसला धोका किती वाढतो, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. वाढतो असं काही जण म्हणतात. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

"तुम्ही घेता?"

"नाही. पण मला तुमच्याइतका त्रासही नाही. माझ्यावरून ठरवू नका."

घरी येताना पुंजाराम म्हणाले, "तू म्हणशील तसं." बाईंना काहीच म्हणायचं नव्हतं. भीती वाटली असती तर ठरवणं सोपं गेलं असतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या घोटीला गेल्या. थोरली बहीण सुलाबाई तिथे मुलाकडे राहायची. दोन वर्षांपूर्वी ओट्यावर नुसती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवरच. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं, पुस्तकातला धडा सांगावा तसं.

सुलाबाईने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आईची जखम मी धुवायची, सुमे. तू तवा ट्रेनिंगला होतीस. वास यायचा. तसलं नको गं तुला."

"मग नको घेऊ?"

"आसं कुठं म्हटलं? मला बघ की. न्हाणीपर्यंत जायला सून लागते. हे तरी कुठं हाय जगणं?" तिने सूप खाली ठेवलं. "तुझं तोंड लय कोरडं दिसतंय. लहानपणी तू कोंबडी कापली तरी रडायचीस."

सुमनबाईंनी मान हलवली. आठवत होतं.

सोमवारी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. "सहा महिने घेते. दर दोन महिन्यांनी तपासा. गाठ लागली की बंद."

"हेच मीही सुचवणार होते," म्हणत डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि छाती हाताने कशी तपासायची ते दाखवलं.

तीन आठवड्यांत आग उतरली. बाई सलग सहा तास झोपू लागल्या. पाळी आली तेव्हा जरा ओशाळल्यागत झालं. पुंजाराम खूश होते. वर्गात पुन्हा काही झालं नाही. गाठ लागली नाही. ऑक्टोबरात ठरल्याप्रमाणे गोळ्या बंद केल्या. आग परत आली, पण पहिल्यापेक्षा कमी, सोसण्याजोगी.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी माहेरी आली. जेवताना पुंजारामांनी विचारलं, "आता बरं वाटतं ना?"

"झोप लागते," बाई म्हणाल्या.

"झोपेचं नाही गं विचारत."

मुलगी आईकडे बघत होती. सुमनबाईंनी खरं काय ते शोधून पाहिलं. आत जिथे काही नव्हतं, तिथे अजूनही काही नव्हतं.

"नाही वाटत," त्या म्हणाल्या. "गोळीने तेवढं झालं नाही."

पुंजारामांनी घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "सोमवारी परत जाऊ. हेही सांगू त्यांना."

"जाऊ," सुमनबाई म्हणाल्या आणि लेकीला भाकरी वाढली.